कॅमेऱ्याची पावलं

न्हावा शेवा बंदरासमोर, पश्चिमेच्या अंगाला, घारापुरीचं बेट आहे. बंदर नवं आहे, ते सुरू झालं १९८९ मध्ये. बेटावरचं मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं मानलं जातं. बंदर आणि बेट दोन्ही उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. या लेण्याच्या उत्तरेकडच्या प्रवेशातून आत जाताना उजव्या हाताला नटराज लागतो. आठ हातांपैकी बहुतेक तुटलेले, पायही गेलेले. तरी हा देव उभा नाही, नाचतो आहे, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. कमरेचा एक झोक आणि खांद्यांचा उलट दिशेला गेलेला तोल एवढ्यावर शिल्पकाराने ते साधलं आहे.

सिनेमा आणि नृत्य यांच्या नात्यावर बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी, कारण शिल्पकारापुढची अडचण आणि दिग्दर्शकापुढची अडचण एकच आहे. नाच काळात घडतो. दगडात काळ नाही, एकच क्षण आहे. पडद्यावर काळ आहे, पण खोली नाही, अंग नाही, घाम नाही. काहीतरी हरवणार हे ठरलेलं असताना नाच दुसऱ्या माध्यमात न्यायचा कसा? घारापुरीच्या कारागिरांनी दोन युक्त्या केल्या. एक म्हणजे त्यांनी नाचातला असा क्षण निवडला, ज्याच्या आधीचा आणि नंतरचा क्षण बघणाऱ्याला आपोआप सुचतो. दुसरी युक्ती जागेची. लेणं तीन बाजूंनी उघडं आहे, त्यामुळे उजेड आडवा येतो आणि दिवसभर सरकत राहतो. बघणारा खांबांमधून चालत येतो, तसतसे शिल्पाच्या अंगावरचे उंचवटे आणि सावल्या बदलत जातात. दगड हलत नाही, बघणाऱ्याची पावलं त्याला हलवतात.

सिनेमात उलटं होतं. प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो, त्याची पावलं थांबलेली असतात. त्याच्या वतीने चालायचं काम कॅमेऱ्याला करावं लागतं. या प्रकरणाचा विषय ही कॅमेऱ्याची पावलंच आहेत, आणि ज्याने ती सर्वांत नेमकी टाकली तो कलावंत मुळात नर्तक होता.

मोहिनीचा पहिला नाच

मराठी माणसाने सिनेमात नाच आणला तो अगदी आरंभीच. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’ हाती घेतला. कथेची निवड पाहण्यासारखी आहे. मोहिनी नाचते, भस्मासुर तिची नक्कल करतो आणि नकलेच्या नादात स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. म्हणजे इथे नाच मधल्या करमणुकीसाठी येत नाही, सगळं कथानकच नाचावर उभं आहे. ‘हरिश्चंद्र’मध्ये तारामती पुरुषाने केली होती. या चित्रपटात मात्र मोहिनी झाल्या कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, आणि पार्वती झाल्या त्यांच्या आई दुर्गाबाई कामत. कमलाबाईंचं वय तेव्हा तेरा-चौदाच्या आसपास होतं.

फाळके स्वतः चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग यांतून सिनेमात आले होते. त्यांचा कॅमेरा मात्र त्या काळच्या सगळ्या कॅमेऱ्यांसारखा एका जागी उभा होता. समोर रंगमंच आहे असं धरून तो पाहायचा. त्यात आणखी एक भानगड होती. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत, साधारण सेकंदाला सोळा-अठरा चित्रं या वेगाने. पुढे बोलपटासाठी चोवीस चित्रांचा वेग ठरला. सोळाच्या वेगाने टिपलेला नाच चोवीसच्या यंत्रावर दाखवला की दीडपट पळतो. जुन्या मूकपटांतली माणसं तुरुतुरु चालताना दिसतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. तेव्हाची माणसं काही घाईत नव्हती, घाई आपल्या यंत्राला आहे.

मंच रुंद, पडदा निमुळता

रंगमंचावरचा नाच आणि कॅमेऱ्यापुढचा नाच यांत एक भूमितीचा फरक आहे आणि तो कळला की पुढचं बरंच काही उलगडतं. रंगमंचावर नर्तक जितका पुढे, प्रेक्षकाजवळ येईल, तितकी त्याला डावी-उजवी जागा जास्त मिळते. कॅमेऱ्याची नजर भिंगापासून सुरू होऊन लांब जाताना पसरत जाते. म्हणजे भिंगाजवळ जागा अगदी अरुंद आणि दूर भरपूर. मंचावर आडवी धाव घेणारी नर्तकी सगळं प्रेक्षागृह भारून टाकते. तीच धाव कॅमेऱ्याजवळून घेतली तर ती दोन पावलांत चौकटीबाहेर जाते. म्हणून सिनेमात आडव्या धावेपेक्षा तिरकी धाव जास्त खुलते, लांबून जवळ किंवा जवळून लांब. त्या वाटेवर शरीराचा आकारही बदलतो आणि तो बदल हीच एक हालचाल होते.

या अडचणीवर जगभर दोन उत्तरं निघाली. हॉलिवुडच्या फ्रेड अस्टेअरचा आग्रह असे की नाचताना आपलं शरीर डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसलं पाहिजे आणि कात्री शक्य तितकी कमी चालली पाहिजे. नाच नर्तकाने करायचा, कॅमेऱ्याने निमूटपणे सोबत राहायचं. दुसरं उत्तर १९४५ मध्ये माया डेरेन या अमेरिकी चित्रपटकर्तीने काही मिनिटांच्याच एका लघुपटात दिलं. त्यात टॅली बीटी हा नर्तक रानात पाय उचलतो आणि तो पाय पडतो घरातल्या खोलीत. जगातल्या कुठल्याही रंगमंचावर हे पाऊल टाकता येणार नाही. ते निम्मं नर्तकाचं आहे आणि निम्मं कात्रीचं.

भारतात या दोन्ही उत्तरांचा विचार एकाच वेळी करणारा माणूस होता उदयशंकर. तो आधी चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेला. १९२०च्या दशकात ॲना पावलोव्हा या रशियन नर्तकीबरोबर त्याने नाच केला, देशोदेशी दौरे केले आणि मग अल्मोड्याला आपलं कलाकेंद्र काढलं. तिथे कथकळी शंकरन नंबुद्री शिकवत, भरतनाट्यम कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरी अमोबी सिंह, आणि संगीताला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. विद्यार्थ्याने एकच शैली धरून बसू नये, शरीराने विचार करायला शिकावं, ही तिथली रीत होती. उदयशंकरचा एकमेव चित्रपट ‘कल्पना’ १९४८ मध्ये आला. त्यात एक नृत्यनाट्य आहे, श्रम आणि यंत्र यांच्यावरचं. नर्तकांची शरीरंच त्यात चाकं आणि दांडे होतात, माणूस यंत्राचा भाग बनत जातो. कंटेनर उचलणाऱ्या क्रेनच्या बंदरात आज ते दाखवलं तर समजावून सांगावं लागणार नाही.

नाच सोडलेला नर्तक

अल्मोड्याच्या या केंद्रात एक विद्यार्थी होता, वसंतकुमार शिवशंकर पदुकोण. घर चित्रापूर सारस्वतांचं, बोली कोंकणी, जन्म १९२५ चा बंगळूरचा, बालपण कोलकात्यात. त्याला आपण गुरुदत्त म्हणून ओळखतो. युद्धाच्या काळात पैशाअभावी केंद्र १९४४ मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी गुरुदत्त पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत लागला.

मराठी वाचकाला हे प्रभात वेगळं सांगायला नको. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली, १९३३ मध्ये पुण्याला आलेली, आणि आज जिच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे ती ही कंपनी. गुरुदत्त आला तेव्हा दिग्दर्शक व्ही. शांताराम बाहेर पडून दोन वर्षं झाली होती आणि कंपनी उतरणीला लागली होती. पण कारखान्याची शिस्त टिकून होती. तिथे त्याने विश्राम बेडेकरांच्या ‘लाखारानी’मध्ये साहाय्यक म्हणून काम केलं, छोटी भूमिका केली आणि १९४६ च्या ‘हम एक हैं’चं नृत्यदिग्दर्शन केलं. देव आनंद आणि रहमान हे दोघे त्याला याच आवारात भेटले.

आता गंमत अशी की पुढे दिग्दर्शक झाल्यावर या प्रशिक्षित नर्तकाने स्वतःला पडद्यावर फारसं नाचवलं नाही. गाण्यांत तो चालतो, टेकून उभा राहतो, वळून पाहतो. नाच मात्र त्या गाण्यांमध्ये पुरेपूर आहे. तो गेला आहे कॅमेऱ्यात.

‘जाल’ हा त्याचा १९५२ चा चित्रपट घ्या. कथा गोव्यातल्या मच्छीमारांची. यात कोळ्यांच्या श्रमाच्या हाकेवर बांधलेलं एक समूहगीत आहे. ओढण्याचा जोर, त्यानंतरचा सैल क्षण, पुन्हा जोर. ही लय नर्तकांनी बाहेरून आणलेली नाही, कामातून आलेली आहे. व्ही. के. मूर्ती मुख्य छायाचित्रकार म्हणून इथे पहिल्यांदा गुरुदत्तबरोबर आले आणि पुढे शेवटपर्यंत राहिले. ‘आरपार’पासून (१९५४) गुरुदत्तने आणखी एक गोष्ट केली. गाण्याआधीचा वाद्यांचा लांबलचक तुकडा कमी केला किंवा काढूनच टाकला. बोलता बोलता पात्र गाऊ लागतं. नर्तकाला हे लगेच समजेल. चालण्यातून नाचात जाताना मध्ये सांधा दिसता कामा नये, हीच तालीम त्याने गाण्याला लावली.

‘प्यासा’ (१९५७) मधली वहिदा रहमान पाहा. ती भरतनाट्यम शिकलेली, तेलुगू चित्रपटातल्या एका नृत्यगीतामुळे लोकांपुढे आलेली. असा तयार नर्तकीचा देह हाताशी असताना गुरुदत्त तिला पहिल्या गाण्यात काय करायला लावतो? चालायला. खांबांआडून, काळोखातून, मागे येणाऱ्या माणसाला पुढे ओढत नेत. तिने मान किती वळवायची, कुठे थांबायचं, पदर कधी सावरायचा हे सगळं तालात आहे, आणि तिच्या थांबण्यावर कॅमेरा पुढे सरकतो.  द्वंद्वनृत्यातला देवाणघेवाणीचा नियम हाच असतो.

मूर्तींच्या सोबतीने गुरुदत्तने ७५ आणि १०० मिलिमीटरची लांब भिंगं जवळच्या दृश्यांसाठी वापरली. लांब भिंगाने मागचं जग धूसर होतं आणि चेहरा उचलून समोर येतो. त्यामुळे पापणीची हालचालही मोठी होते. भरतनाट्यमात नेत्राभिनय पहिल्या काही रांगांपर्यंतच नीट पोचतो. या भिंगाने तो शेवटच्या रांगेतल्या बाकापर्यंत नेला.

‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात दोन माणसं रिकाम्या स्टुडिओत नुसती उभी आहेत. वरून उजेडाचा एक तिरका झोत आला आहे. मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांवरून वळवून तो आत आणला होता. कॅमेरा दोघांकडे सरकतो, मागे जातो, मग त्यांच्या देहांतून सावलीसारखी दुसरी रूपं निघून एकमेकांत मिसळतात. एकही पदन्यास नाही. पण हालचाल केव्हा सुरू व्हावी, किती वेगाने व्हावी आणि कुठे विरावी याचा हिशेब नर्तकाचा आहे. गुरुदत्त १९६४ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. स्वतःच्या पायांनी तो पडद्यावर फारसा नाचला नाही, पण हिंदी सिनेमाला गाण्यात कसं चालावं हे त्यानेच शिकवलं.

शांतारामांची उलटी वाट

याच प्रभातमधून निघालेल्या व्ही. शांतारामांनी नेमकं उलट केलं. १९५५ चा त्यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलर रंगांत आहे. नायक गोपीकृष्ण, म्हणजे खरा कथक नर्तक, आणि संगीत वसंत देसाईंचं. यात कॅमेरा यजमान आहे, मान नाचाचा. सेट प्रचंड, रंग भडक, चौकट भरगच्च, आणि चक्कर घेणारं शरीर पुरं दिसेल इतकं अंतर राखलेलं. संध्या यांनी या चित्रपटासाठी गोपीकृष्णांकडून मेहनतीने नाच शिकून घेतला. चार वर्षांनी ‘नवरंग’मध्ये शांतारामांनी त्यांना एकाच नाचात स्त्री आणि पुरुष दोन्ही केलं. अशी कल्पना रंगमंचावर सुचू शकते, पण ती ठसते मात्र कॅमेऱ्याने बाजू नेमकी निवडल्यामुळे. पुढे ‘पिंजरा’ (१९७२) मध्ये त्यांनी तमाशाचा फड पडद्यावर मांडला, तेव्हाही भर फडाच्या समोरासमोर असण्यावरच होता. लावणी प्रेक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून होते. कॅमेरा फार फिरला तर ती नजर तुटते, हे कोल्हापूरच्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

या दोघांमध्ये तिसरं नाव भगवानदादांचं. अमरावतीत जन्मलेला, दादरच्या चाळीत वाढलेला, मारधाडीच्या चित्रपटांतून आलेला हा माणूस. त्यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’तला नाच म्हणजे खांद्यांचा सैल झोका, अर्धा उचललेला पाय आणि हाताची एक-दोन वळणं. कॅमेरा समोर, शरीर पुरतं दिसणारं. हा नाच शिकावा लागत नाही, पाहिला की अंगात येतो. गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत, रायगड किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी हळदीत बेंजोच्या तालावर जे हात वर जातात त्यांत भगवानदादांची ओळख लागते. पडद्यावरून अंगणात परत गेलेला नाच म्हणजे हा.

तुकड्यांचा ताल

पडद्यावर चार मिनिटं सलग वाटणारा नाच प्रत्यक्षात तुकड्यांत घडतो. १९३५ च्या सुमारास भारतात पार्श्वगायन आलं आणि गाणं आधी ध्वनिमुद्रित होऊ लागलं. सेटवर ते भोंग्यावरून वाजतं, नर्तक आठ किंवा सोळा मात्रांपुरतं नाचतो, ‘कट’ होतं, दिवे हलतात, मग पुढचा तुकडा. कधी मुखडा सकाळी आणि त्याच मुखड्यातली गिरकी दुसऱ्या दिवशी. त्यामुळे सिनेमातल्या नर्तकाला एक वेगळंच कसब लागतं. मधूनच, थंड अंगाने, नाचाच्या ऐन भरातल्या आवेशात शिरायचं.

वेगाचीही एक करामत आहे. गाण्यात शरीर संथ तरंगतं पण ओठ मात्र गाण्याबरोबर नेमके हलतात, असं आपण कितीदा पाहतो. त्यासाठी कॅमेरा दुप्पट वेगाने, सेकंदाला अठ्ठेचाळीस चित्रं टिपत चालवतात आणि सेटवर गाणंही दुप्पट वेगाने वाजवतात. नर्तक चिरक्या आवाजावर धावपळ करत ओठ हलवतो. नंतर चोवीसच्या वेगाने दाखवलं की ओठ गाण्याशी जुळतात आणि केस, पदर, पाणी मात्र हवेत रेंगाळतात. पडद्यावरची ती निवांत तंद्री सेटवरच्या घाईतून जन्मते.

किनाऱ्यावरचा कॅमेरा

हे सगळं कळल्यावर पुन्हा उरणच्या किनाऱ्याकडे यावं. कोळी नाचाचं जे रूप मंचावर आणि सिनेमात रूढ झालं, त्यात पुरुष कमरेला त्रिकोणी रुमाल आणि हातात वल्हं घेऊन, बायका लुगड्याचा काष्टा मारून समोरासमोर रांगा धरतात. खरी मौज एकट्यादुकट्याच्या पावलात नाही, रांगेतून सरकत जाणाऱ्या लाटेत आहे. एका टोकाची कंबर वाकते आणि तो वाक दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. या नाचाला रुंद चौकट लागते आणि ती न तुटता काही वेळ टिकावी लागते. दर दोन सेकंदांनी चेहरा, पाय, पैंजण, पुन्हा चेहरा असं कापत गेलं तर उत्साह दिसतो, नाच दिसत नाही.

आज रायगड, ठाणे, पालघरच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी गाण्यांचे व्हिडिओ मोठ्या संख्येने निघतात. गीतकार, गायक, नाचणारे आणि कॅमेरावाले बऱ्याचदा आसपासच्या गावांतलेच. होडीवरचं, बंदरावरचं, देवळापुढचं चित्रीकरण, आणि आता ड्रोनही. ही मंडळी नकळत फाळके ते गुरुदत्त हा सगळा प्रवास एका दुपारी करतात. कॅमेरा कुठे ठेवायचा, किती कापायचं, दर्या चौकटीत किती घ्यायचा. ड्रोनने एक नवी गोष्ट हाती दिली आहे. रांगेची ती लाट वरून एका नजरेत दिसते, जी जमिनीवरून कधीच पूर्ण दिसत नव्हती. पण वरून पाय दिसत नाहीत, हाही त्याचा तोटा.

न्हावा शेव्याच्या बाबतीत यात आणखी एक प्रश्न मिसळलेला आहे. बंदरासाठी जुना शेवा कोळीवाडा उठला आणि तिथली कुटुंबं उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली. नाच अंगाबरोबर नवीन जागी जातो, पण अंगण, देवळापुढची मोकळी जागा, पाण्याचं अंतर या गोष्टी जात नाहीत. त्या नाचाचा आकार ठरवत असतात. अशा गावात नाचाचं चित्रीकरण करताना दोन कामं वेगळी ठेवावी लागतात. एक काम गुरुदत्तचं. कॅमेऱ्याला नाचू द्यावं, कापावं, जोडावं, नवी कलाकृती करावी. दुसरं काम अस्टेअरच्या हट्टाचं. कॅमेरा एका जागी, रांगेच्या दोन्ही टोकांना सामावणारा, पायापासून डोक्यापर्यंत सगळं शरीर आणि पहिल्या थापेपासून शेवटच्या थापेपर्यंत एकही काट नाही. हे दुसरं चित्रीकरण कंटाळवाणं वाटेल, त्याला प्रेक्षकही कमी मिळतील. पण वीस वर्षांनी गावातल्या एखाद्या मुलीला आजीचं पाऊल शिकायचं असेल, तर ते फक्त त्याच चित्रफितीवरून शिकता येईल. पहिल्या प्रकारचे व्हिडिओ किनाऱ्यावर भरपूर निघत आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी तिकाटणं, एक मोबाईल आणि हात आवरण्याची तयारी एवढंच पुरतं. येत्या नारळी पौर्णिमेलाही ते काम सुरू करता येईल.